आडनाव न विचारणारं दार

बेलफास्टमध्ये माणसाचा धर्म ओळखायला एक अक्षर पुरतं. इंग्रजी मुळाक्षरांतलं आठवं. प्रॉटेस्टंट शाळेत शिकलेला त्याला 'एच' म्हणतो, कॅथलिक शाळेत शिकलेला 'हेच'. दोघांचा रंग एक, बोली जवळपास एक, अंगावरचा कोटही एकाच दुकानातला. पण पत्त्याचं स्पेलिंग सांगायची वेळ आली की झाकली मूठ उघडते. बहुतेक वेळा तिथवर जावंही लागत नाही. नाव शेमस किंवा बर्नाडेट असेल तर एक बाजू, बिली असेल तर दुसरी. शाळेच्या नावात 'सेंट' आहे का? वायव्येकडच्या त्या शहराला तुम्ही डेरी म्हणता की लंडनडेरी? ही सगळी चौकशी चौकशी न वाटता पाच मिनिटांत उरकायची कला तिथल्या पोरासोरांनाही येते.

आपल्याला हे फार समजावून सांगायला नको. "आडनाव काय म्हणालात?" आणि "मूळ गाव कुठलं?" एवढ्यावर आपलाही हिशेब पुरा होतो. समोरचा 'पाणी' म्हणतो की 'पानी' हे कानाने टिपलं की कित्येकदा त्या प्रश्नांचीही गरज राहत नाही.

अशाच तयार कानांच्या शहरात १९७० च्या दशकात काही जागा उभ्या राहिल्या, जिथं हा हिशेब ठरवून बाजूला ठेवला जात होता. त्या जागा समलिंगी माणसांच्या होत्या. गटचर्चेसाठी हे प्रकरण मी अनेकदा वापरलं आहे आणि दर वेळी सुरुवातीलाच एक सूचना द्यावी लागते. 'जखमा भरणं', 'संवादाचा पूल' वगैरे शब्द या माणसांच्या तोंडी नव्हते. त्यांना भेटायचं होतं, नाचायचं होतं आणि तुरुंगात जायचं नव्हतं. पुढे जे काही सांधलं गेलं ते या तीन गरजा भागवता भागवता.

शहर

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि ईशान्येकडचे सहा परगणे ब्रिटनमध्ये राहिले. तेच उत्तर आयर्लंड, आणि बेलफास्ट त्याची राजधानी. तिथले बहुसंख्य प्रॉटेस्टंट युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहण्याच्या बाजूचे. कॅथलिक बहुतांशी राष्ट्रवादी, अखंड आयर्लंड मागणारे. १९६० च्या दशकाच्या शेवटी पेटलेला संघर्ष १९९८ च्या शांतता करारापर्यंत चालला आणि त्यात साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. एकट्या १९७२ मध्ये पावणेपाचशेच्या आसपास. प्रांताची लोकसंख्या होती जेमतेम पंधरा लाख. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. तेव्हा प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी मेलेलं होतं, आणि कोणीतरी मारणाऱ्यांतलंही असण्याची शक्यता होती.

कॅथलिक फॉल्स रोड आणि प्रॉटेस्टंट शँकिल रोड जवळजवळ समांतर जातात. मधल्या गल्ल्यांत १९६९ पासून भिंती उभ्या राहिल्या. त्यांना 'शांतता रेषा' असं गोड नाव आहे आणि त्यांतल्या बऱ्याच अजून उभ्या आहेत. घरं वेगळी, शाळा वेगळ्या, आणि पबही वेगळे. पब वेगळे असणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. डिसेंबर १९७१ मध्ये कॅथलिक वस्तीतल्या मॅकगर्क नावाच्या पबमध्ये बॉम्बस्फोटात १५ माणसं मेली. कुठल्या पबमध्ये बसायचं, दाराकडे तोंड करून बसायचं की पाठ करून, हे जिवाचे प्रश्न होते.

शहराच्या मध्यभागात मात्र कोणी राहत नव्हतं. तिथं दुकानं आणि कचेऱ्या. बॉम्बच्या भीतीने लष्कराने त्याभोवती लोखंडी फाटकं बसवली. आत जाताना पिशव्या तपासायच्या, अंग चाचपायचं. संध्याकाळी दुकानं बंद झाली की सगळे आपापल्या वस्तीत परतायचे आणि मधलं शहर ओस पडायचं.

या ओस पडलेल्या भागाचं काय करायचं हे सर्वात आधी ज्यांना सुचलं ते समलिंगी लोक होते. ही जागा कोणाचीच नव्हती, म्हणून त्यांची होऊ शकली. घराजवळच्या पबमध्ये त्यांना तसंही जाता येत नव्हतं. तिथं आई-बापांच्या ओळखीचे, चर्चमधले शेजारी. फॉल्सवरच्या मुलाला फॉल्सवर जी भीती, तीच शँकिलवरच्या मुलाला शँकिलवर. दोघेही आपापल्या लोकांपासून लपायला एकाच ठिकाणी येत होते. नॉर्थ स्ट्रीटच्या खालच्या टोकाला 'शॅरियट रूम्स' नावाचा बार होता, क्वीन्स विद्यापीठात गे लिबरेशन सोसायटीचे डिस्को होत. बाहेर गस्तीच्या गाड्या आणि आत नाच, असं हे दृश्य. शत्रुपक्षातल्या माणसाच्या खांद्यावर आयुष्यात पहिल्यांदा हात ठेवला तो अशा जागी, हे त्या पिढीतल्या कित्येकांच्या बाबतीत अक्षरशः खरं असणार. शाळेत त्यांना ती संधी मिळालीच नव्हती. आजही तिथल्या शंभरातली सात-आठ मुलंच फक्त मिश्र शाळांत जातात.

चर्चेत हमखास कोणीतरी विचारतं, की दारावरच्या माणसाला बोलण्यावरून कळत नसेल का? न कळायला काय झालं? कानाला थोडीच कुलूप लावता येतं. पुढचा प्रश्न तो विचारत नव्हता, इतकंच. चपला दाराशी काढून आत यावं तसं राजकारण बाहेर राहायचं आणि घरी जाताना ज्याच्या त्याच्या पायात परत चढायचं. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण नंतरच्या सगळ्या घडामोडींचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. आत आलेला राष्ट्रवादी बाहेर पडताना राष्ट्रवादीच होता आणि युनियनिस्ट युनियनिस्टच.

मित्र-मित्र

१९७४ मध्ये बेलफास्टमध्ये एक स्वयंसेवी संस्था निघाली: कारा-फ्रेंड. एकटं पडलेल्या समलिंगी माणसाला बोलायला कोणीतरी मिळावं, माहिती मिळावी, ओळखी व्हाव्यात, हा उद्देश. पुढे टेलिफोनची हेल्पलाइन हे तिचं मुख्य काम झालं.

नावाकडे जरा बघा. 'कारा' हा आयरिश भाषेतला शब्द, अर्थ मित्र. 'फ्रेंड' इंग्रजी, अर्थ तोच. म्हणजे संस्थेचं नाव झालं 'मित्र-मित्र'. ज्या प्रांतात आयरिश भाषा बोलणं हीच एक राजकीय भूमिका ठरते, गल्लीच्या पाटीवर आयरिश लिहावं की नाही यावर नगरपालिकांत आजही भांडणं होतात, तिथं दोन भाषांतले शब्द एका जोडरेघेने बांधून फोनच्या यादीत छापले गेले. कोणी त्याबद्दल भाषण केल्याचं ऐकिवात नाही.

फोनवरची मदत ही कल्पनाही त्या शहराला चपखल बसणारी होती. रात्री दुसऱ्या भागात जाणं धोक्याचं. फोनला मात्र भिंत आड येत नाही. पलीकडचा माणूस नाव सांगत नाही, पत्ता सांगत नाही. त्याचं दुःख ऐकायला त्याची बाजू माहीत असावी लागत नाही. बायकांसाठी १९७० च्या दशकाच्या अखेरीला वेगळी लेस्बियन लाइन सुरू झाली. त्यांच्यावर फौजदारी कायदा नव्हता, पण मूल काढून घेतलं जाण्याची, घराबाहेर काढलं जाण्याची भीती होतीच.

छापा

कायदा कुठला होता? १८६१ चा आणि १८८५ चा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. आपलं कलम ३७७ याच कुळातलं, १८६० चं. पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांवरचा गुन्हा इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ साली रद्द झाला (वय २१ च्या वर आणि खासगीत, एवढ्या मर्यादेत). उत्तर आयर्लंड त्यातून वगळलं गेलं. तिथल्या लोकांना ते मानवणार नाही, हे कारण.

२१ जानेवारी १९७६ रोजी पोलीस जेफ्री डजन यांच्या घरी आले. जहाज वाहतुकीच्या धंद्यातले कारकून, समलिंगी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते. वॉरंट होतं अमली पदार्थांचं. थोडा गांजा सापडला, त्याबद्दल दुसऱ्याच कोणावर गुन्हा दाखल झाला. पण पोलिसांनी डजन यांची पत्रं आणि डायऱ्या उचलल्या आणि त्यांना ठाण्यावर नेऊन सुमारे साडेचार तास त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल प्रश्न विचारले. वर्षभराने, फेब्रुवारी १९७७ मध्ये, खटला भरणार नसल्याचं कळवून कागद परत दिले गेले. त्या कागदांवर ठिकठिकाणी पोलिसांनी शेरे मारलेले होते.

हा तपशील न्यायालयाच्या निकालपत्रात एका ओळीत येऊन जातो. मी दर वेळी तिथं थांबतो. आपली प्रेमपत्रं कोणीतरी वर्षभर ठेवून घेतली, वाचली, समासात खुणा केल्या आणि मग परत दिली.

पोलीस दल तेव्हा जवळजवळ सगळं प्रॉटेस्टंट, म्हणजे सर्वसाधारण समजुतीप्रमाणे डजन यांच्या 'बाजूचं'. डजन स्वतः युनियनिस्ट. पुढे २०१४ मध्ये ते अल्स्टर युनियनिस्ट पक्षातर्फे बेलफास्टचे नगरसेवकही झाले. फॉल्सवरच्या एखाद्या कॅथलिक पोराला पोलिसांचा जो अनुभव रस्त्यावर येत होता, त्याची एक झलक या युनियनिस्ट कारकुनाला स्वतःच्या डायरीच्या पानांवर मिळाली. त्यामुळे त्याचं राजकारण बदललं का? नाही. पण एका टेबलाशी बसायला तेवढी सामायिक माहिती पुरेशी असते.

उत्तर आयर्लंड गे राइट्स असोसिएशन १९७५ मध्ये निघाली होती. त्या संघटनेने पाठबळ दिलं आणि मे १९७६ मध्ये प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क यंत्रणेकडे गेलं.

दोन चर्च, एक अर्ज

१९७८ मध्ये लंडन सरकारने कायदा बदलण्याचा मसुदा आणला. प्रांताची स्वतःची विधानसभा १९७२ पासून बंद होती, कारभार लंडनहून चालायचा. इयन पेस्ली हे कडवे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाचे नेते. १९७७ पासूनच त्यांनी या बदलाविरुद्ध मोहीम उघडली होती. घोषणा अशी की 'सोडोमीपासून अल्स्टर वाचवा'. सोडोमी म्हणजे पुरुषा-पुरुषांतला संबंध, अल्स्टर म्हणजे हा प्रांत. जवळपास ७०,००० सह्या जमल्या. पंधरा लाखांच्या प्रांतात! कॅथलिक बिशपही बदलाच्या विरोधात उभे राहिले. जे दोन पक्ष एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, पोपला ख्रिस्तविरोधी म्हणणारा पेस्ली आणि पोपचे बिशप, त्यांचं एका मुद्द्यावर पूर्ण एकमत झालं. जुलै १९७९ मध्ये सरकारने मसुदा गुंडाळला.

संघर्षातल्या दोन बाजूंना जवळ आणणारे उपक्रम शोधायचे तर या मोहिमेचंही नाव यादीत घ्यावं लागेल, असं मी वर्गात गमतीने म्हणतो. गंमत असली तरी मुद्दा खरा आहे. समान शत्रू माणसांना जोडतो आणि इथं तर तो दोन्हीकडे जोडण्याचं काम करत होता. चर्चची माणसं समलिंगींविरुद्ध एक झाली, त्यामुळे समलिंगींना आपसात एक होण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

मानसशास्त्रात एक जुना संपर्क-सिद्धांत आहे, गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेला. वैर असलेले गट नुसते समोरासमोर आले म्हणून वैर कमी होत नाही. बरोबरीचा दर्जा हवा, सामायिक ध्येय हवं, प्रत्यक्ष सहकार्य हवं आणि वरच्यांचा, म्हणजे सत्तेचा, कायद्याचा, समाजमान्यतेचा पाठिंबा हवा. शांतता-कार्यक्रमांचे प्रस्ताव आजही याच चार अटींवर लिहिले जातात. बेलफास्टच्या या प्रकरणात पहिल्या तीन अटी होत्या. चौथी उलटी होती: सत्ता, कायदा आणि दोन्ही देवळं विरोधात. तरी वीण जमली. उलट, अनुदान आणि मान्यवर पाहुणे घेऊन झालेल्या कित्येक 'दोन्ही समाजांच्या' सहलींपेक्षा ती जास्त टिकली. चौथ्या अटीबद्दल थोडा फेरविचार करावा, असं मला या प्रकरणावरून वाटतं. वरून पाठिंबा असतो तेव्हा लोक प्रतिनिधी म्हणून येतात. इथं कोणीच कोणाचा प्रतिनिधी नव्हता.

निकालाचा प्रवास

२२ ऑक्टोबर १९८१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये डजन यांच्या खटल्याचा निकाल लागला. १५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने म्हटलं की हा कायदा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग करतो. प्रांतातला समाज सनातनी आहे, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. पण लोकांना धक्का बसतो एवढ्यावरून सज्ञान माणसांच्या संमतीच्या खासगी वागण्याला शिक्षा ठेवता येत नाही, असं स्पष्ट केलं. १९८२ मध्ये कायदा बदलला.

पुढची गोष्ट राजकीय नकाशाच्या दृष्टीने फार मजेची आहे. सरहद्दीपलीकडे, आयर्लंडच्या प्रजासत्ताकात, तेच व्हिक्टोरियन कायदे चालू होते. डब्लिनचे डेव्हिड नॉरिस ते रद्द व्हावेत म्हणून लढत होते. त्यांच्या वकील मेरी रॉबिन्सन, ज्या पुढे देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. १९८३ मध्ये डब्लिनच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉरिस यांना ३ विरुद्ध २ मतांनी हरवलं. मग तेही स्ट्रासबर्गला गेले आणि १९८८ मध्ये जिंकले. आधार डजन निकालाचा. १९९३ मध्ये आयर्लंडने कायदा बदलला. डब्लिनच्या राज्यात आपण कधी जाऊ नये यासाठी ज्यांचं सगळं राजकारण उभं होतं, त्यांतल्या एकाच्या खटल्याने डब्लिनच्या नागरिकांची बेडी तुटली.

तो निकाल आणखी दूर गेला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ बद्दलच्या नाझ फाउंडेशन निकालात डजन प्रकरणाचा दाखला दिला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला अखेर कलम ३७७ ची ती धार गेली. मुंबई-पुण्यातल्या प्राइड मिरवणुकांत चालणाऱ्या पोरापोरींच्या मागे बेलफास्टच्या ठाण्यावरचे ते साडेचार तासही कुठेतरी आहेत.

जिथं गोष्ट गुळगुळीत राहत नाही

इथवर वाचून वाटेल की त्या बारमध्ये धर्मभेद नव्हताच. तसं सांगणारे आहेत, आणि ते आठवणींत थोडी साखर घालतात. भेद होता. गाण्याची निवड, विनोद, कोण कोणाच्या घरापर्यंत सोडायला जाऊ शकतो, यात तो डोकवायचाच. दोन वस्त्यांतल्या माणसांचं प्रेम जमलं तर भेटायचं कुठं? एकाच्या गल्लीत दुसऱ्याचा जीव धोक्यात. आणि संघटनांत 'राजकारण नको' हा नियम ज्यांना सोयीचा होता तो सगळ्यांनाच सोयीचा नव्हता. ज्याचा भाऊ विनाचौकशी तुरुंगात आहे, त्याला पोलिसांबद्दल बोलू नको म्हणणं हेही एक राजकारणच. १९९१ मध्ये आयआरएच्या, म्हणजे अखंड आयर्लंडसाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, कैद्यांच्या नियतकालिकात एका समलिंगी कैद्याने लेख लिहून आपल्याच साथीदारांना जाब विचारला, की मुक्तीच्या गप्पा मारणारी ही चळवळ आपल्यातल्या समलिंगींकडे बघायला का तयार नाही. त्याला दारात चपला काढायच्या नव्हत्या, त्या घालूनच घरात यायचं होतं. त्याचं म्हणणं मला रास्त वाटतं.

मग मे १९९७. शहराच्या मध्यभागातल्या 'पार्लमेंट' या समलिंगींच्या बारमध्ये आयरिश नॅशनल लिबरेशन आर्मी या राष्ट्रवादी सशस्त्र गटाच्या बंदूकधाऱ्याने २४ वर्षांच्या एका तरुणाला गोळ्या घालून मारलं. तो पोलीस दलातला होता. समलिंगी पोलीस आणि फॉल्सवरून आलेली मुलं एकाच छताखाली दारू पिऊ शकत होती, हे या जागेचं वैशिष्ट्य, आणि नेमकं तेच मारेकऱ्याच्या कामी आलं. बाहेरच्या नियमाने आत येऊन आपला माणूस उचलला. वर्षभरात शांतता करार झाला.

अशा जागा अभेद्य असतात असं शिकवणं धोक्याचं आहे. या जागा शहराच्या दयेवर चालतात आणि शहर ती दया कधीही मागे घेऊ शकतं.

मिरवणूक

बेलफास्टमध्ये रस्त्यावरून चालणं साधी गोष्ट नसते. उन्हाळ्यात ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट संघटनेच्या मिरवणुका निघतात, ढोल-बासरीसह, १६९० साली विल्यम राजाने कॅथलिक राजाला हरवलं त्याची आठवण म्हणून. मिरवणूक कुठल्या गल्लीतून जाणार यावरून दंगली पेटल्या आहेत. मिरवणुकांचे मार्ग ठरवायला खास सरकारी आयोग नेमावा लागला. आपल्याकडच्या विसर्जनाच्या आणि मोहरमच्या मार्गांवरचे वाद ज्यांनी पोलीस ठाण्यात बसून मिटवलेत, त्यांना पुढचं सांगायला नको.

१९९१ मध्ये पहिली बेलफास्ट प्राइड निघाली. जेमतेम शंभरेक माणसं. पण कुठल्याही एका वस्तीतून न निघालेली आणि कुठल्याही एका वस्तीवर चाल करून न जाणारी ती मिरवणूक होती. सिटी हॉलपाशी बायबलच्या वचनांचे फलक घेऊन निदर्शक उभे असत आणि आजही असतात. आता प्राइडला हजारोंची गर्दी होते, पोरंबाळं खांद्यावर घेऊन लोक येतात. २०१७ मध्ये उत्तर आयर्लंडचे पोलीस पहिल्यांदाच गणवेशात प्राइडमध्ये चालले. पत्रांवर शेरे मारणाऱ्या जुन्या दलाच्या जागी २००१ मध्ये नवं दल आलं होतं. तरी गणवेश बघून काहींच्या पोटात गोळा आला असेल, तर त्यांना नावं ठेवायला मी तयार नाही.

त्याच वर्षी प्राइडच्या सकाळच्या कार्यक्रमाला आयर्लंडचे नवे पंतप्रधान बेलफास्टला आले आणि इथंही समलिंगी विवाह होणारच, वेळेचा काय तो प्रश्न, असं बोलून गेले. लिओ वराडकर. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, मूळ घर सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. स्वतः समलिंगी असल्याचं त्यांनी जानेवारी २०१५ मध्ये जाहीर केलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात आयर्लंडने सार्वमतात ६२ टक्क्यांनी समलिंगी विवाह मान्य केला. डिसेंबर २०१९ च्या शेवटी ते आई-वडील, बहिणी आणि जोडीदारासह वराडला येऊन गेले. कोकणी आडनावाचा आयरिश पंतप्रधान बेलफास्टमध्ये उभा राहिला, तेव्हा ते आडनाव कुठल्या पारड्यात टाकायचं हे शहराला ठरवता येत नव्हतं. 'एच'ची परीक्षा इथं चालत नाही.

शांततेचंच हत्यार

१९९८ च्या करारानंतर आलेल्या कायद्याचं कलम ७५ सार्वजनिक संस्थांवर समान संधीचं बंधन घालतं, आणि धर्म, राजकीय मत यांच्या सोबत लैंगिक कल हाही त्यात आहे. डिसेंबर २००५ मध्ये नोटिशीची नेहमीची मुदत पाळून ब्रिटनमधल्या पहिल्या समलिंगी भागीदाऱ्या, म्हणजे विवाहासारखी नोंदणीकृत नाती, झाल्या त्या बेलफास्ट सिटी हॉलमध्ये.

पण करारातच एक कळ होती. एका समाजाने दुसऱ्यावर बहुमताने काही लादू नये म्हणून विधानसभेत '३० आमदारांनी सही केली तर साधं बहुमत पुरणार नाही' अशी तरतूद ठेवली होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये समलिंगी विवाहाच्या बाजूने ५३ मतं पडली, काठावरचं का होईना बहुमत झालं. आणि पेस्लींच्या जुन्या पक्षाने हीच तरतूद वापरून ठराव अडवला. अल्पसंख्याकांना वाचवायला घडवलेली ढाल अशी वापरली गेली. दोन समाजांचा हिशेब पक्का करणाऱ्या व्यवस्थेत तिसऱ्या प्रकारच्या माणसाला रकानाच नसतो, ही या कराराची उणीव होती आणि ती इथं सर्वात स्पष्ट दिसली. जानेवारी २०१७ मध्ये विधानसभा कोसळली आणि तीन वर्षं बंद राहिली.

२४ एप्रिल २०१९

लायरा मकी उत्तर बेलफास्टची, कॅथलिक वस्तीत वाढलेली पत्रकार. करार झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. समलिंगी म्हणून वाढताना काय सोसलं, हे तिने चौदा वर्षांच्या स्वतःला लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं. आपल्या पिढीबद्दल तिने असंही लिहून ठेवलं, की शांततेनंतरच्या सोळा वर्षांत आत्महत्या करणाऱ्यांची संख्या संघर्षात मेलेल्यांहून जास्त भरली. १८ एप्रिल २०१९ च्या रात्री डेरीत दंगल चालू असताना 'न्यू आयआरए' या सशस्त्र गटाच्या माणसाने पोलिसांच्या दिशेने गोळ्या झाडल्या. त्यांतली एक तिला लागली. वय २९.

अंत्यविधी बेलफास्टच्या सेंट अ‍ॅन कॅथीड्रलमध्ये झाला. कॅथीड्रल प्रॉटेस्टंट, प्रवचन कॅथलिक फादर मार्टिन मॅगिल यांचं. पुढच्या बाकांवर ब्रिटनच्या पंतप्रधान, आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष, वराडकर. आणि दोन वर्षं एकत्र सरकार चालवायला नकार देणारे युनियनिस्ट आणि राष्ट्रवादी नेते शेजारी शेजारी. सगळे इथं एकत्र आले याबद्दल फादरनी त्यांचं कौतुक केलं आणि मग विचारलं, की आपल्याला इथवर यायला, देवाशपथ, उभं आयुष्य पुढे असलेली २९ वर्षांची एक मुलगी का मरावी लागते? टाळ्या मागच्या बाकांवरून सुरू झाल्या. पुढारी उभे राहिले, जरा उशिराने. दोन दिवसांनी दोन्ही सरकारांनी वाटाघाटी पुन्हा सुरू करत असल्याचं जाहीर केलं.

तिची जोडीदार, शोकातली बाई, त्या दिवशी ब्रिटिश पंतप्रधानांशी विवाहाच्या कायद्याबद्दल बोलली. पुढच्या महिन्यात बेलफास्टच्या मोर्चातही बोलली. जुलैमध्ये वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनच्या संसदेने, प्रांताची विधानसभा बंद असताना, कायदा करून टाकला. १३ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला.

पहिलं लग्न ११ फेब्रुवारी २०२० ला झालं. एक वधू बेलफास्टची, दुसरी इंग्लंडमधल्या ब्रायटनची. लग्न लागलं ते कॅरिकफर्गस या किनाऱ्यावरच्या गावात. १६९० च्या जूनमध्ये विल्यम राजा जहाजातून उतरला तो तिथंच; किल्ल्यापाशी त्याचा पुतळा आहे.